दुसरी बाजू हळू वाजायची

शेषमामा,

तुझ्याबद्दल छापलेला एक शब्द मला मागं घ्यायचाय. तू होतास तेव्हाच घ्यायला पाहिजे होता. दीड वर्ष मी तो उद्यावर ढकलत राहिलो. सबंध तालुक्यातल्या कारभाऱ्यांकडून जाहीर खुलासे मागणारा मी, आणि स्वतःचा एक खुलासा करायला मला दीड वर्ष पुरलं नाही. तेवढ्यात तू निघून गेलास. याचा मला राग आहे. स्वतःचा आहे आणि थोडा तुझाही आहे, कारण तू तो खुलासा कधी मागितलाच नाहीस. मागितला असतास तर मी भांडलो असतो, भांडता भांडता हरलो असतो आणि मोकळा झालो असतो.

तू कसा गेलास, कुठल्या दवाखान्यात, शेवटी जवळ कोण होतं, हे इथं लिहीत नाही. ज्यांना ते माहीत करून घ्यायचं होतं त्यांचं करून झालंय. पुण्यानुमोदनाला चार जण उठून बोलले. चौघंही म्हणाले, शेषराव साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं. साधा? ज्यानं मला तोंड बंद करून चाळीस मिनिटं एका जागी बसवलं, तो माणूस साधा? मला आजवर कुणीही चाळीस मिनिटं गप्प बसवलेलं नाही. फौजदारालाही जमलं नाही.

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. तू माझ्या आईचा थोरला भाऊ. घनसावंगीच्या अलीकडं आपलं गाव, गावाच्या वेशीबाहेर आपली बौद्ध वस्ती, वस्तीत पहिलंच तुझं पत्र्याचं घर आणि त्यावर तूच रंगवलेला बोर्ड, ‘शेषराव लाऊडस्पीकर’. आजूबाजूच्या गावांतली लग्नं, जत्रा, कुस्त्यांचे फड, सगळं तुझ्या दोन भोंग्यांवर चालायचं. लोक तुला शेषराव भोंगेवाले म्हणायचे. समोरासमोर मी तुला तूच म्हणायचो. एका पत्रकात तेवढं ‘आपण’ म्हणालो. टोचावं म्हणून.

पत्रकाचं पुढं येईल. आधी त्या दुपारचं.

दुष्काळ सरला त्या सालची दिवाळीची सुट्टी. मी औरंगाबादहून, कॉलेजातून आल्तो आणि सभेसाठी तुझा माईक मागायला म्हणून तुझ्या दारात येऊन उभा राह्यलो. तू ओट्यावर बसलेला. घराच्या पत्र्यावर सहा मोठे सेल एका ओळीत मांडलेले, कुरडया वाळत घालाव्यात तसे.

“मामा, सेल कशाला वाळत घातलेत?”

“थकलेत. जरा ऊन खाऊ दे.”

“आरं, पण सभेचं—”

“सभा पळून जाती का? बस. शहागडहून आलीय.”

मला वाटलं पाहुणी आलीय. तू आत गेलास आणि दोन्ही हातांवर धरून एक चौकोनी पुठ्ठा घेऊन आलास. लग्नात लावायच्या तुझ्या जाड, जड, तीन मिनिटांत संपणाऱ्या तबकड्या मी लहानपणापासून बघितल्या होत्या. त्या चावीच्या फोनोवर लागायच्या. ही मोठी होती, पातळ होती, आणि तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा. शहागडच्या नाक्यावर एका ट्रकवाल्याचा हॉर्न तू दुरुस्त करून दिल्ता. हैदराबादहून परत येताना तो तुझ्यासाठी ही घेऊन आल्ता. माझ्या आयुष्यातली पहिली एलपी. पुठ्ठ्यावर हार्मोनियमच्या मागं बसलेल्या एका बाईचा फोटो आणि खाली सगळी उर्दू अक्षरं.

तू बोट ठेवून वाचायला लागलास. निजामाच्या शाळेत तू चौथीपर्यंत शिकला होतास, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. म्हणालास, “ह्याच अक्षरांपायी मास्तरनं लई झोडपलं मला. आता तीच अक्षरं गाऊन राह्यलीत.”

मंग पेटीसारखा मिटणारा तो सेलवरचा प्लेअर निघाला. भोंग्यांची मोठी बॅटरी घरात होती, पण ती धंद्याची. तिला घरच्या गाण्यासाठी हात लावायचा नाही, हा तुझा नेम. पत्र्यावरचे सेल काढून, फडक्यानं पुसून, गालाला लावून बघितलेस. चांगले तापले होते. आत घातलेस. मलमलच्या तुकड्यानं तबकडी पुसलीस. मामी चुलीपुढून उठून येऊन उंबऱ्यावर बसली. तू माझ्याकडं बघून फक्त एवढं म्हणालास, “पुढारी, आता दोन्ही बाजू संपूस्तोवर बोलायचं न्हाई.”

मी का ऐकलं कुणास ठाऊक. बहुतेक मला माईक पाहिजे होता म्हणून.

मामा, मी पत्रकं लिहिणारा माणूस. मला उपमा येत नाहीत, मागण्या येतात. तरी सांगतो. मला वाटायचं गाणं म्हणजे भोंग्यातून येतं ते, गावभर पसरणारं, कुणासाठीच नसलेलं. त्या दुपारी पहिल्यांदा गाणं माझ्या अंगावर आलं. बाई हळूच बोलल्यासारखी गायला लागली. सारंगी तिच्या मागंमागं. तिसऱ्या गझलेत एक ओळ संपली आणि तू हात वर केलास. तोंडानं काही नाही, फक्त बोट कानाकडं नेलंस. मी कान दिला. बाईनं श्वास घेतला होता. ऐकू आला. हैदराबादेत म्हण नाहीतर मुंबईत, कुठल्याशा बंद खोलीत एका बाईनं घेतलेला श्वास आपल्या वस्तीत, वेशीबाहेर, पत्र्याच्या घरात ऐकू आला. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच मला त्याची लाज वाटली. कारण मला सभेचं बोलायचं होतं.

मंग तू म्हणालास, “बाजू उलट.” पहिल्यांदा मला हात लावू दिलास. तबकडी कडेनं धरायला शिकवलंस.

दुसरी बाजू सुरू झाली आणि गाणं जड होत गेलं. बाईचा आवाज खाली उतरत गेला, पार बापईमाणसाच्या आवाजाजवळ. ठेका अडखळत, दम खात चालला. एकेक शब्द एवढा लांबला की त्याचा अर्थच सुटून गेला. शेवटची दोन गाणी तर आडातून यावीत तशी आली. मामी उंबऱ्यावर डोळ्याला पदर लावून बसलेली. मी मनात म्हणालो, काय दुःख असेल ह्या बाईला! सगळी दुनिया उलटून टाकली पाहिजे.

तबकडी थांबली तशी मी म्हणालो, “मामा, पहिल्या बाजूचं दोन नंबरचं पुन्हा लाव की.”

“सुई उचलायची न्हाई.”

“का?”

“लग्नात लोकं फर्माईश करतात, तव्हा उचलतो. ही फर्माईश न्हाई. कुणीतरी बसून ठरवलंय, ह्याच्यामागून हे. त्याचंबी ऐकावं माणसानं.”

कॉलेजात मला इतकं सरळ कुणी काही शिकवलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं नाही. आज लिहून राह्यलोय.

त्यानंतर तीन वर्षं मी सुट्टीला आलो की आधी पत्र्याकडं बघायचो. सेल वर असले म्हणजे काहीतरी नवीन आलंय. कव्वालीची एक आली. तिच्यात मागचे टाळ्या वाजवणारे आठ जण तू मला वेगळे वेगळे ऐकवलेस. “त्यो डावीकडचा जरा मागून वाजवतो बघ, मुद्दाम.” मराठी भावगीतांची एक आली, तिच्यावर आपलं लई भांडण झालं. एका सिनेमाची सबंध एलपी जालन्याच्या दुकानातून तू स्वतः आणलीस. लग्नात तीच गाणी सुटी सुटी वाजवून तुझे कान किटले होते, तरी घरी ती ओळीनं ऐकताना तू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा बसलास. एलपी कधी भाड्यानं गेली नाही. पाटलाच्या घरून निरोप आला तरी नाही. “त्या घरातल्या हायेत,” एवढंच उत्तर.

आणि प्रत्येक एलपीची दुसरी बाजू हळू वाजायची. सेल संपत यायचे. उन्हानं त्यांच्यात जीव यायचा तो एका बाजूपुरता. दुसऱ्या बाजूला कव्वाल दमायचे, नट्या म्हाताऱ्या व्हायच्या. आपल्या वस्तीत सगळ्या जगाची गाणी दुसऱ्या बाजूला दुःखी होती.

यात हसण्यासारखं काही नाही. विजेचा खांब वेशीपाशी येऊन थांबला होता. पाटलाच्या गोठ्यात बल्ब लागला होता आणि तिथून दोनशे पावलांवर आपण सेल उन्हात घालत होतो. खांब पुढं का आला नाही, हे मी सात पत्रकांत लिहिलंय. पुन्हा लिहीत नाही.

भावगीतांवरचं भांडण मात्र लिहितो, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो होतो, “हे भरल्या पोटाचं गाणं हाय मामा. चांदणं काय, जाई काय. ह्याच्यात आपला एक तरी माणूस हाय का?”

“न्हाई.”

“मंग ऐकतो कशाला?”

“चांगलं गाऊन राह्यला म्हणून.”

“चांगलं गाणारा आपल्याबद्दल का गात न्हाई, हे विचारायला नको?”

“विचार ना. पण आधी त्याचं होऊ दे. तू समोरच्याचं होऊच देत न्हाईस.” आणि मंग तू ते बोललास. “काल सभेत ऐकलं तुला. तू श्वासच घेत न्हाईस. बाई बघ कशी थांबती. ती थांबती म्हणून आपण तिच्यात शिरतो. तू थांबशीलच न्हाई, तं माणसानं कुठून शिरावं?”

मी चिडून निघून गेलो. तुझं खरं होतं. पण माझंही खरं होतं, मामा. चांगलं गाणाऱ्यांनी आपल्याबद्दल गायला पाहिजे. या मुद्द्यावर मी अजून मागं सरकलेलो नाही.

मंग औरंगाबादला ते झालं. माझ्या एका मित्राच्या खोलीत विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर होता, आणि तीच एलपी. हार्मोनियममागची बाई. मी त्याला ऐटीत म्हणालो, दुसरी बाजू लाव, रडशील. त्यानं लावली. आणि बाई उड्या मारायला लागली! टाळ्या, ढोलक, हसणं. ज्या दोन गाण्यांवर मामी डोळ्याला पदर लावायची ती लग्नातली, दिराची टिंगल करणारी गाणी होती. मित्र माझ्याकडं बघतोय, मी कधी रडतो म्हणून. माझं डोकं फिरलं. आपल्याला दुःखसुद्धा खोटं मिळालं, असं वाटलं. पुढच्याच यष्टीनं मी घरी आलो.

“मामा, आपण चुकीचं ऐकून राह्यलोय. तीन वर्षं!”

तू पत्र्यावरून सेल काढत होतास. वळलासही नाहीस. “चुकीचं न्हाई. हळू.”

“तुला ठावं होतं?”

“माझा धंदाच हाय तो. आन् शब्द कळतात की मला. दिराची चेष्टा हाय ती.”

“मंग सांगितलं का न्हाई? मामी रडती त्याच्यावर!”

तेव्हा तू आत चुलीकडं एक नजर टाकलीस आणि आवाज खाली केलास. “तिला सांगू नको. दिवसभरात तेवढीच दोन गाणी बसती ती. रडू दे.”

मला ते पटलं नाही. लोकांना अंधारात ठेवायचं नाही, हे आमच्या संघटनेचं पहिलं वाक्य. पण मी गप्प बसलो. आज पहिल्यांदा फोडतोय. मामी, माफ कर.

आता तो शब्द.

खांबासाठी आम्ही सभा ठरवली, वेशीसमोर. बाहेरगावचे कार्यकर्ते येणार होते. मी तुझ्याकडं आलो. तू म्हणालास, त्या दिवशी पाटलाच्या पोरीचं लगीन हाय, सुपारी घेतलीय. धंद्यातली सुपारी म्हणजे दिलेला शब्द, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, मोड. तू म्हणालास, मोडत न्हाई. मी म्हणालो, ज्या पाटलामुळं खांब अडलाय, त्याच्या दारात वाजवणार? तू म्हणालास, “सुपारी हाय.”

“तुझ्या माणसांच्या सभेला माईक न्हाई, आन् त्याच्या पोरीच्या वरातीला दोन भोंगे?”

“बराबर.”

बराबर म्हणालास! माझ्या डोक्यात तिडीक गेली. सभेत आम्ही घसा फोडून बोललो आणि गावातून तुझी गाणी आमच्यावरून वाहत गेली. तिसऱ्या रांगेतल्या माणसालाही आमचं ऐकू आलं नाही. त्याच संध्याकाळी मी स्टेन्सिल कापली. दुसऱ्या दिवशी, घनसावंगीच्या बाजारच्या दिवशी, ते पत्रक दुकानादुकानात गेलं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात तुझं नाव आणि तुला दिलेली पदवी. शेषराव, पाटलाचा भोंगा! खाली लिहिलं होतं, ‘आपण कुणाचे, हे आपण जाहीर करावे.’

फक्त एक झालं. घाईत स्टेन्सिलवर टिंब नीट टोचलं गेलं नाही. शाई उतरली नाही. छापून आलं ते असं, ‘शेषराव, पाटलाचा भोगा!’

बाजारात हॉटेलवाल्यानं ते मोठ्यानं वाचलं. प्रत्येक शब्दावर थांबून. “शेषराव. पाटलाचा. भोगा!” सगळं हॉटेल हसलं. म्हणे, काय भोगायचं ते तरी लिहायचं. त्या दिवसापासून तुझी सायकल दिसली की कुणीतरी ओरडायचं, “काय शेषराव, भोगून राह्यले का?” आणि तू हात वर करून म्हणायचास, “भोगून राह्यलो!”

मला वाटलं होतं तू येऊन मुस्काटात देशील. तू आठ दिवसांनी आईकडं आलास, चहा घेतलास आणि जाताना दारात मला म्हणालास, “टिंब राह्यलं रे.” बस. एवढंच. मी मान वर केली नाही. त्याक्षणी मी म्हणायला पाहिजे होतं, मामा, टिंब नव्हे, अख्खा शब्दच चुकला. पण ज्याच्या हाताखाली पन्नास पोरं घोषणा देतात त्याला एवढं साधं वाक्य येईना.

पाच-सहा महिने मी तुझ्या दाराला आलो नाही. मंग एक दिवस रस्त्यावरून जाताना पत्र्यावर सेल दिसले. पाय आपोआप वळले. तू म्हणालास, “बस. सतारीची आलीय.” दोन्ही बाजू संपूस्तोवर बोलायचं नव्हतं. माझ्यासारख्याला तो नियम किती सोयीचा होता, हे तुला कळत होतं का? मला वाटतं कळत होतं. तू माझ्यावर तोंड उघडायची पाळीच आणली नाहीस. आणि मी भित्रेपणानं ती सवलत घेत राहिलो.

त्या उन्हाळ्यात खांबाची दुसरी सभा झाली. त्या वेळी मी माईक मागायला आलो नव्हतो. सकाळी जाऊन बघतो तर वेशीसमोर तुझे दोन्ही भोंगे बांधलेले आणि तू तारा जोडत बसलेला. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणालास, “आज सुपारी न्हाई.” मी बोलायला उभा राहिलो. तुझ्याकडं नजर गेली. तू बोट कानाकडं नेलंस.

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा बोलता बोलता थांबलो. भोंग्यातून माझाच श्वास मला ऐकू आला. आणि त्या रिकाम्या जागेत मागून धुरपदाआजी उठली. जिनं कधी कुणापुढं तोंड उघडलं नव्हतं ती चालत आली, माईक हातात घेतला आणि म्हणाली, “मपली सून अंधारात बाळंत झाली. दिवा धरायला मी व्हते. मपला हात कापत व्हता.” एवढं बोलून ती खाली बसली. माझ्या सात पत्रकांनी जे झालं नाही ते तेवढ्यानं झालं. सभेला आलेला तहसीलचा माणूस मान खाली घालून अर्ज लिहून घेऊन गेला. खांब अजून आलेला नाही, पण रेघ आखून गेलेत. तुझ्या घरावरून जाते ती रेघ.

तू गेल्यावर मामीनं मला एलप्या घेऊन जायला सांगितलं. मी नाही म्हणालो. त्या घरातल्या आहेत. फक्त धूळ पुसून ठेवतो म्हणालो. हार्मोनियमवाल्या बाईचा पुठ्ठा उघडला आणि तबकडीबरोबर घडी केलेला एक कागद बाहेर आला. माझं पत्रक. शाई विटलेली, घड्या जीर्ण झालेल्या. म्हणजे तू ते एकदाच वाचलं नव्हतंस. आणि वर, मोठ्या अक्षरात, ‘भोगा’च्या डोक्यावर, निळ्या पेनानं टिंब दिलेलं. गोल, नीट, मास्तरनं झोडपून शिकवलेलं.

मामा, मी तिथंच पत्र्याखाली बसलो. मी तुला दिलेली शिवी तू शुद्ध करून जपून ठेवलीस. कुठं? तुझ्या सगळ्यात आवडत्या गाण्याच्या शेजारी. तू मला माफ केलंस, की भाच्याचं शुद्धलेखन तपासलंस, की नुसतंच एक काम अर्धवट दिसलं म्हणून पुरं केलंस? सांगून जायचं होतंस.

तर हा खुलासा. सुपारीवरचं माझं भांडण मी मागं घेत नाही. त्या दिवशी माईक आपल्या माणसांना मिळायला पाहिजे होता. पण तू पाटलाचा भोंगा नव्हतास. तू कुणाचाच भोंगा नव्हतास. भोंगा आत आलेलं बाहेर फेकतो, त्याला ऐकू येत नाही. तुझ्याइतकं ऐकणारा माणूस मी बघितलेला नाही. भोंगा कुणी असेल तर तो मी होतो. हे मी सही करून लिहून देतो, आणि याची प्रत घनसावंगीच्या त्या हॉटेलात लावणार आहे. या वेळी प्रत्येक टिंब दोनदा टोचलंय.

इथं हे संपवणार होतो. पण काल दुपारी हे सगळं मामीला वाचून दाखवलं. तिचा विषय होता, तिच्या पाठीमागं छापणं बरं दिसलं नसतं. ती उंबऱ्यावर बसली होती, नेहमीच्या जागी. दिराच्या चेष्टेचं गाणं आलं तसा मी अडखळलो. ती म्हणाली, “वाच, वाच.”

वाचून झाल्यावर म्हणाली, “मला ठावं हाय की लग्नातलं गाणं हाय ते.”

“तुला कसं ठावं?”

“ढोलक हळू वाजला तरी लग्नाचाच असतो रे. म्हणून तं रडायची.” मंग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि जे सांगितलं ते मला, सात पत्रकं लिहिणाऱ्याला, कुणी सांगितलं नव्हतं. कारण मी विचारलं नव्हतं. “आमच्या लग्नाला वाजा न्हवता. मपल्या माहेराहून, हसनाबादहून वरात आली, वाजंत्री संगं व्हते. ह्या वेशीत पाटलाच्या बापानं अडवलं. म्हणे, तुमचा वाजा आतून जायचा न्हाई. वाजंत्री तिथूनच माघारी गेले. गाव ओलांडूस्तोवर कुणी बोललं न्हाई, नुसते बैलांच्या पायांचे आवाज. तुझ्या मामानं तव्हा मला म्हणलं, थांब, एक दिवस वाजा आपलाच असंल. आपण वाजवू तव्हाच ह्यांचं लगीन लागंल.”



“पाटलाच्या घरची एकबी सुपारी त्यानं मोडली न्हाई,” मामी म्हणाली. “त्या दारात त्याचा भोंगा लागलाच पाहिजे, असं व्हतं त्याचं. आलं का ध्यानात? तुझं बराबर व्हतं. त्याचंबी बराबर व्हतं.”

सुपारीवरचं भांडण मागं घेत नाही, असं मी वर लिहिलंय. ते खोडलेलं नाही. खोडावं की नाही हे मला अजून कळत नाही, आणि न कळता गप्प बसायची मला नवीनच सवय लागतेय.

मामी उठली, ओट्यावर गेली आणि पत्र्यावरून सहा सेल काढून आणले. सकाळीच ठेवले होते तिनं. फडक्यानं पुसून एकेक गालाला लावून बघितला, तुझ्यासारखाच. माझ्या हातातले कागद बाजूला सारले.

“झालं तुझं बोलून?”

“झालं.”

“मंग लाव.”

हार्मोनियमवाली बाई लागली. पहिली बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. सुई मधोमध आली, खरखरली. सेल आता थकणार होते, गाणं जड होणार होतं, हे दोघांनाही माहीत होतं. मामी उंबऱ्यावर नीट सावरून बसली, पदर हातात घेतला आणि म्हणाली,

“बाजू उलट.”